विमा कुत्र्याचा, वाचन केसपेपरचे

मागील अंकात पाळीव प्राण्यांच्या आरोग्यविम्याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बरीचशी पत्रे एकाच वळणाची आहेत: हप्ता वेळेवर भरला, प्राणी आजारी पडला, दावा केला आणि तो फेटाळला गेला. मी काही वर्षे दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे या पत्रांतील चीड मला दोन्ही बाजूंनी परिचयाची आहे. सारखे प्रश्न एकत्र करून आणि मजकूर थोडा आवरून खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे आठ महिन्यांची लॅब्रॅडोर कुत्री आहे. तिचा विमा काढावा असे घरात सर्वांचे मत आहे. परंतु माणसांचा आरोग्यविमा आणि प्राण्यांचा विमा यांत नेमका फरक काय, हे कोणी नीट सांगत नाही.

उत्तर: फरक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्राण्यांचा विमा हा मुळात गोठ्यातील आणि तबेल्यातील विमा आहे. स्वीडनमध्ये १८९० च्या सुमारास घोडे आणि गुरे यांच्यासाठी तो सुरू झाला, आणि त्याच देशात १९२४ मध्ये पहिल्यांदा एका कुत्र्याचा विमा उतरवला गेला. ब्रिटनमध्ये पहिली पॉलिसी १९४७ मध्ये निघाली, तर अमेरिकेत त्यासाठी १९८२ साल उजाडले. गुरांच्या विम्यामागचा विचार सरळ होता. जनावर दगावले तर त्याची किंमत मालकाला मिळावी, एवढीच अपेक्षा होती. घरातल्या कुत्र्यामांजरांच्या बाबतीत हा हिशेब उलटतो, कारण रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाची बाजारातली किंमत शून्य असली तरी त्याच्या एका शस्त्रक्रियेचा खर्च घरचे अंदाजपत्रक कोलमडवू शकतो. म्हणून पॉलिसी हाती आल्यावर सर्वप्रथम ती कशासाठी पैसे देते हे पाहावे: प्राण्याच्या मृत्यूसाठी की त्याच्या उपचारांसाठी? दोन्हींचा समावेश असलेल्या पॉलिसी असतात, तसेच नाव आरोग्यविम्याचे आणि आत भर मृत्यूच्या भरपाईवर, अशाही असतात. चोरी, हरवणे किंवा तुमच्या कुत्रीने दुसऱ्या कोणाला इजा केल्यास द्यावी लागणारी भरपाई ही कलमे उपयोगाची असली, तरी ती आरोग्यविम्यात मोडत नाहीत.

दुसरा फरक व्यवहारातला आहे. प्राण्यांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी बिल आधी मालकाने भरायचे आणि नंतर कंपनीकडून परतफेड घ्यायची, अशी पद्धत आहे. दवाखान्याला परस्पर पैसे देण्याची सोय काही कंपन्या देतात, पण ती गृहीत धरू नये. विमा असला तरी पहिल्या दिवशी लागणारी रक्कम तुमच्याच हाताशी असावी लागते, ही गोष्ट विमा विकणारे क्वचितच ठळकपणे सांगतात.

आठ महिने हे वय मात्र उत्तम आहे. त्याचे कारण पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न: आमच्या कुत्र्याच्या मागच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध (लिगामेंट) तुटल्यामुळे तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. तो पूर्ण बरा झाल्यावर आम्ही विमा काढला आणि ही शस्त्रक्रिया अर्जात प्रामाणिकपणे नमूद केली. आता उजव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला आहे, आणि कंपनीने ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून दावा नाकारला. डावा पाय पूर्वीचा असेल, हे मान्य. उजवा पाय पूर्वीचा कसा?

उत्तर: तुमचा राग समजण्यासारखा आहे, परंतु पॉलिसीत ‘उभयपक्षी स्थिती’ किंवा त्या अर्थाचे कलम असेल तर कंपनीची बाजू भक्कम आहे. गुडघे, नितंबाचे सांधे, कोपर, डोळे असे जे अवयव जोडीने असतात, त्यांतील एका बाजूचा विकार विम्यापूर्वीचा असेल तर दुसऱ्या बाजूचा तोच विकारही पूर्वीचाच धरला जाईल, असे हे कलम सांगते. वाचताना ते अन्यायकारक वाटते. त्यामागचे वैद्यकीय कारण मात्र खोटे नाही. खेळाडूच्या गुडघ्यातील अस्थिबंध एखाद्या झटक्याने तुटतो; कुत्र्यांमध्ये तो बहुधा महिनोन्‌महिने झिजत जातो आणि अखेर एखाद्या साध्या उडीने तुटतो. झीज दोन्ही पायांत चालू असते, त्यामुळे एका गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा दुसरा गुडघाही पुढे निकामी होतो. विमा कंपनीला हे ठाऊक असते. मालकाला ते पॉलिसी घेताना कोणी सांगत नाही, आणि माझा आक्षेप त्या न सांगण्याला आहे.

आता तुम्ही काय करावे? नकाराचे पत्र कोणत्या कलमाच्या आधारे दिले आहे ते कंपनीकडून लेखी मागवावे. ते कलम तुमच्या पॉलिसीच्या त्याच आवृत्तीत आहे का, हे ताडून पाहावे. नूतनीकरणाच्या वेळी मजकूर बदललेला असतो आणि जुन्या दाव्याला नवा मजकूर लावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. कलम नसेल, किंवा उजव्या गुडघ्याची दुखापत वाहनाचा धक्का लागण्यासारख्या निश्चित अपघाताने झाली असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांकडून तसे पत्र घेऊन पुनर्विचाराचा अर्ज करावा. झीज होती की नव्हती, हे शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्यात प्रत्यक्ष दिसते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन असते. कंपनीने तरीही दाद दिली नाही, तर अनेक देशांत विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक मंचाकडे जाता येते.

या निमित्ताने सर्वच वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘पूर्वीपासूनचा आजार’ ठरण्यासाठी आजाराचे निदान झालेले असावे लागते, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. बहुतेक पॉलिसींत लक्षण दिसलेले पुरेसे असते. दाव्याचा अर्ज आला की कंपनी दवाखान्याकडून प्राण्याचा संपूर्ण केसपेपर मागवते आणि तपासणारा तो शेवटच्या पानापासून नव्हे, पहिल्या पानापासून वाचतो. माझ्यासमोर एकदा आलेल्या केसपेपरवर लसीकरणाच्या नोंदीखाली बारीक अक्षरात एवढेच होते: ‘मालक म्हणतात, सकाळी उठल्यावर थोडे लंगडते. तपासले, काही आढळले नाही.’ ना क्ष-किरण चाचणी, ना औषध. दीड वर्षानंतर नितंबाच्या सांध्याचा विकार निघाला, आणि लसीकरण व तो विकार यांच्या मधल्या काळात विमा घेतलेला होता. दावा त्या एका ओळीवर पडला. पशुवैद्यांनी नोंदी करू नयेत, असे माझे म्हणणे अजिबात नाही. ती नोंद प्राण्याच्या हिताचीच असते. परंतु आपल्या प्राण्याच्या केसपेपरवर काय लिहिले आहे हे वर्षातून एकदा मालकाने वाचावे, नक्कल जवळ ठेवावी, आणि एखादी तक्रार पूर्ण थांबली असेल तर तसेही लिहून घ्यावे. काही पॉलिसींमध्ये बऱ्या होणाऱ्या आजाराची लक्षणे ठरावीक काळ, उदाहरणार्थ सहा किंवा बारा महिने, दिसली नाहीत तर तो आजार पूर्वीचा धरत नाहीत. त्या वेळी ‘पूर्ण बरे’ हे दोन शब्द फार मोलाचे ठरतात. गुडघ्याचे विकार मात्र या सवलतीतून बहुधा वगळलेले असतात.

लॅब्रॅडोरच्या मालकांना आठ महिने हे वय उत्तम, असे वर लिहिले ते यासाठी. केसपेपर अजून कोरा असतो.

प्रश्न: बिलाच्या ८० टक्के रक्कम मिळेल असे सांगितले होते. हातात आली त्याहून बरीच कमी. हा हिशेब कसा करतात?

उत्तर: हिशेबात तीन गोष्टी असतात. पहिली वजावट, जिला कंपन्या डिडक्टिबल म्हणतात. ही ठरावीक रक्कम मालकाने आधी सोसायची. दुसरा मालकाचा टक्केवारीतील वाटा, म्हणजे को-पे. तिसरी कमाल मर्यादा. चलन कोणतेही असो, बिल ५०,००० झाले, वजावट ५,००० आहे आणि मालकाचा वाटा २० टक्के आहे असे धरू. वजावट आधी केली तर ४५,००० उरतात आणि त्याच्या ८० टक्के म्हणजे ३६,००० मिळतात. टक्केवारी आधी लावली तर ५०,००० चे ४०,००० होतात आणि त्यातून ५,००० वजा जाऊन ३५,००० मिळतात. क्रम बदलला की रक्कम बदलते, आणि तो क्रम पॉलिसीत लिहिलेला असतो.

खरा फरक पडतो तो वजावट कशाला लागते यावर. वर्षातून एकदा लागणारी वजावट, प्रत्येक आजाराला लागणारी वजावट आणि प्रत्येक भेटीला लागणारी वजावट, या तिन्हींचा आकडा सारखा असला तरी परिणाम अगदी निराळे होतात. लांब कानांच्या कॉकर स्पॅनियलचे उदाहरण घ्या. त्याचे कान वर्षातून चार-पाच वेळा चिघळतात आणि दर वेळी बिल ४,००० च्या आसपास येते, असे धरू. ५,००० ची वजावट दर भेटीला असेल तर वर्षभरात मालकाला एक पैही मिळणार नाही. वार्षिक असेल तर दुसऱ्या भेटीपासूनच परतफेड सुरू होईल. याखेरीज खोलीभाडे, चाचण्या, भूल, औषधे यांना स्वतंत्र उपमर्यादा असू शकतात. तुम्हाला ‘बरीच कमी’ रक्कम मिळाली, त्याचे मूळ माझ्या अंदाजाने या उपमर्यादांत असावे. परतफेडीच्या पत्रासोबत तपशीलवार तक्ता मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो मागून घ्यावा.

प्रश्न: पॉलिसी घेतल्यानंतर दहाव्या दिवशी पिल्लाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. कंपनी प्रतीक्षाकाळ दाखवते. हप्ता घेतल्यावर प्रतीक्षा कसली?

उत्तर: प्रतीक्षाकाळ म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यानंतरचा असा काळ, ज्यात उद्भवलेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. प्राणी आजारी दिसू लागल्यावर धावत जाऊन विमा घेतला जाऊ नये, यासाठी तो ठेवलेला असतो. पिल्लांना उलट्या-जुलाबांनी बेजार करणाऱ्या पार्व्हो या विषाणूच्या संसर्गाचे उदाहरण बोलके आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक लागतात, म्हणजे अर्जावर सही होताना हसतेखेळते दिसणारे पिल्लू आतून आजारी असू शकते. अपघातासाठी हा काळ फार थोडा असतो, आजारांसाठी काही आठवड्यांचा आणि सांध्यांच्या विकारांसाठी काही महिन्यांचा असू शकतो. दहाव्या दिवसाच्या तुमच्या दाव्यात आशा कमीच आहे. मात्र उलट्यांचे कारण पोटात अडकलेली वस्तू निघाली असेल, तर पॉलिसीतील ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या आवर्जून पाहा. पिल्लाने मोजा किंवा चेंडूचा तुकडा गिळणे अनेक कंपन्या अपघातात धरतात, आणि अपघाताचा प्रतीक्षाकाळ एव्हाना संपलेला असण्याची शक्यता आहे.

प्रश्न: लसी, निर्बीजीकरण, दात साफ करणे यांचे पैसे मिळतात का?

उत्तर: मूळ पॉलिसीत सहसा नाही. जे होणार हे आधीच ठाऊक आहे त्याचा विमा उतरवता येत नाही. तो खर्च होय, जोखीम नव्हे. त्यासाठी जोडून मिळणारी ‘वेलनेस’ योजना घेण्याआधी तिचा वर्षाचा हप्ता आणि त्या सेवांचा वर्षाचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडावा. पुष्कळदा आपलेच पैसे बारा महिन्यांत विभागून परत मिळतात, एवढाच लाभ असतो.

तथापि या खर्चांचा दाव्याशी संबंध नाही असे समजू नये. लस चुकवली आणि पुढे तोच आजार झाला, तर दावा नाकारण्याची तरतूद बहुतेक पॉलिसींत असते. निर्बीजीकरण न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होणे हा जिवावर बेतणारा आणि तातडीच्या शस्त्रक्रियेचा आजार आहे. काही पॉलिसी तो मान्य करतात, काही प्रजननाशी संबंधित सर्व आजार सरसकट वगळतात. दातांच्या बाबतीत अपघाताने तुटलेला दात आणि हिरड्यांचा रोग यांत भेद केला जातो, आणि हिरड्यांच्या रोगासाठी वार्षिक तपासणी झाल्याचा पुरावा मागितला जातो.

प्रश्न: पगच्या विम्याचा हप्ता आमच्या शेजाऱ्यांच्या मिश्र जातीच्या कुत्र्याच्या मानाने इतका जास्त का? आणि ‘जन्मजात’ व ‘आनुवंशिक’ असे दोन वेगळे शब्द पॉलिसीत का आहेत?

उत्तर: पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, टाळूचा मऊ भाग लांब असतो, आणि उन्हात किंवा धावपळीत त्यांना धाप लागते, कित्येकांना शस्त्रक्रिया करावी लागते. डॅक्सहुंडच्या लांब पाठीत मणक्यांमधील चकत्या सरकतात, जर्मन शेफर्डच्या नितंबाच्या सांध्यांत दोष असतो, पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडांत आनुवंशिक गाठी होतात, मेन कून मांजरांत हृदयाचे स्नायू जाड होतात. आपण माणसांनी रूपासाठी घडवलेल्या जातींची ही किंमत आहे, आणि ती हप्त्यात दिसते.

दोन शब्दांविषयीचा प्रश्न नेमका आहे. जन्मजात दोष जन्माच्या वेळी असतो, मग तो वंशातून आलेला असो वा नसो. आनुवंशिक विकार वंशातून येतो, परंतु तो वयाच्या पाचव्या वर्षीही प्रथम दिसू शकतो. पॉलिसीत ‘जन्मजात दोष वगळून’ एवढेच असेल, तर आनुवंशिक विकाराचा दावा करण्यास वाव राहतो. दोन्ही शब्द वगळलेल्या बाबींच्या यादीत असतील, तर तुमच्या पगसाठी त्या पॉलिसीचा अर्धा उपयोग संपला असे मी मानीन. भले हप्ता कमी असो.

प्रश्न: आमची मांजर बारा वर्षांची आहे. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) थोडे वाढलेले आले, पण डॉक्टरांनी कोणताही आजार सांगितलेला नाही. आता विमा मिळेल का, आणि अर्जात हे लिहावे का?

उत्तर: लिहावेच. विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासावर उभा असतो, आणि महत्त्वाची माहिती लपवल्याचे आढळल्यास केवळ तो दावा नव्हे, तर संपूर्ण पॉलिसी रद्द होऊ शकते. बारा वर्षांच्या मांजरीला नव्याने प्रवेश देणाऱ्या योजना थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या मूत्रपिंडाचे विकार वगळतील. नेमका तोच विकार वयस्कर मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी आहे. अशा स्थितीत हप्त्याएवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आज विमा घेतला तर तुम्ही मुख्यतः अपघाताचा विमा घेत असाल.

प्रश्न: मधुमेह झालेल्या मांजरासाठी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी स्वस्त पडते. बदलावी का?

उत्तर: नाही. नव्या कंपनीच्या लेखी मधुमेह पूर्वीचा आजार ठरेल आणि प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. आधी सध्याच्या पॉलिसीचा प्रकार पाहा. काही पॉलिसी एका आजारासाठी बारा महिनेच पैसे देतात आणि नंतर तो आजार वगळतात; काही प्रत्येक आजारासाठी एक ठोक रक्कम ठेवतात आणि ती संपली की थांबतात; काहींची मर्यादा दर वर्षी नूतनीकरणासोबत पुन्हा पूर्ण होते. रोज इन्सुलिन लागणाऱ्या मांजरासाठी तिसरा प्रकार असेल तर हप्ता वाढला तरी तो सोडू नये, आणि नूतनीकरणाची तारीख एका दिवसानेही चुकवू नये. पहिला प्रकार असेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर बदलण्यात मधुमेहापुरते तरी तुम्ही काही गमावत नाही.

प्रश्न: दावा करताना कोणती कागदपत्रे लागतात?

उत्तर: बाबवार बिल, त्या भेटीच्या नोंदी, चाचण्यांचे अहवाल, लसीकरणाचे पुस्तक आणि प्राण्याची ओळख पटवणारा पुरावा. ओळखीसाठी मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक सर्वांत खात्रीचा, परंतु तो बिलावर आणि पॉलिसीत सारखाच हवा. एक अंक चुकला तरी पत्रव्यवहार महिनाभर लांबतो. चिप नसेल तर दोन्ही बाजूंनी आणि समोरून काढलेली स्पष्ट छायाचित्रे ठेवावीत. काळ्या कुत्र्यांची छायाचित्रे एकमेकांसारखीच दिसतात, म्हणून छातीवरचा पांढरा ठिपका किंवा कानावरची खूण दिसेल असे एक चित्र असावे. इतकी वर्षे दुसऱ्यांचे कागद तपासूनही माझ्या स्वतःच्या कुत्रीचा पहिला दावा परत आला होता. बिलावर माझे नाव होते, तिचे नव्हते.

प्रश्न: सशाचा विमा निघतो का?

उत्तर: काही कंपन्या ससे, पक्षी आणि इतर लहान प्राण्यांसाठी पॉलिसी देतात. ती घेण्याआधी सशांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे की नाही, ते शोधून ठेवा. सशाने खाणे आणि लेंड्या टाकणे थांबवले, तर त्याचे आतडे मंदावलेले असण्याची शक्यता असते आणि बारा तास वाट पाहणेही धोक्याचे ठरते. त्या वेळी दावा कोणत्या नमुन्यात भरायचा, हा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा असतो.